मासा वर का आला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये एका शोधनिबंधाला २५ वर्षं झाली. १६ नोव्हेंबर २००० च्या ‘नेचर’मध्ये वाजिह नक्वी आणि गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांनिशी दाखवलं होतं की, पावसाळा सरता सरता आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात तळाचा प्राणवायू संपतो आणि त्या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड भरमसाट सुटतो. मराठी दैनिकांत मला याची एक ओळही दिसली नाही. दिसली ती बांगड्याच्या राशीची छायाचित्रं आणि ‘दर्या पावला’ असले मथळे. ते फार लागलं.

अरबी समुद्राच्या पोटात प्राणवायूची ददात आहे, हे १९३३-३४ च्या ‘माबाहिस’ जहाजाच्या मोहिमेपासून ठाऊक आहे. साठच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेने त्याचे नकाशे केले, १९६६ मध्ये आपली संस्था उभी राहिली, अहवाल निघत राहिले. त्या काळातलं एकच नाव मला थांबवतं. १९५९ मध्ये कार्ल बान्झे यांनी नैर्ऋत्य किनाऱ्याबद्दल लिहिलं की, तळाशी हे कमी प्राणवायूचं पाणी चढलं की ट्रॉल जाळी रिकामी येतात, कारण तळाचा मासा तिथून निघून गेलेला असतो. खरं तर तेव्हाच मच्छीमाराच्या कामाची गोष्ट हाती आली होती.

मी पाहिलं ते १९९७ नंतरचं दशक. त्या वर्षी कांदोळीसमोर, साधारण पंचवीस मीटर खोलीच्या एका ठिकाणी, नेमाने पाणी उपसून तपासायला सुरुवात झाली. मी तेव्हा पणजीत बातमीदार होतो. एका ऑक्टोबरात ते पाणी उपसणाऱ्या नौकेवर जाता आलं. वरच्या थरातलं पाणी काचेच्या बाटलीत घेऊन त्यात दोन रसायनं सोडली की तपकिरी साका धरतो. जितका प्राणवायू, तितका गडद. मग तळाचं पाणी आलं. तीच दोन रसायनं, तसंच उलटंपालटं करून हलवणं, आणि साका पांढराफटक. बाटली उघडतानाच कुजक्या अंड्याचा वास आला होता. प्राणवायू संपला, मग नायट्रेट संपलं, आणि जिवाणू सल्फेटवर जगू लागले, त्यातून सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा तो वास. १९९९ च्या पावसाळ्याअखेर तिथे हा वायू नोंदला गेला होता.

कारण सोपं आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलातलं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. वरून मांडवी-जुवारीचं आणि पावसाचं गोडं पाणी त्यावर झाकणासारखं बसतं. वरच्या थरात वनस्पतिप्लवक माजतात, मरून खाली पडतात, आणि त्यांच्या कुजण्यात उरलासुरला प्राणवायूही जातो.

आता मासा काय करतो? लिटरभर हवेत २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. तेवढ्याच उबदार समुद्रपाण्यात भरपूर असला तरी पाचहून कमी. म्हणजे मासा मुळातच काटकसरीवर जगतो. त्यात तूट आली की तो कल्ले जोराने हलवतो, हृदयाचे ठोके मंदावतो, आणि पळता येत असेल तर पळतो. राणी मासा आणि तळाची इतर मंडळी जागा सोडतात. बांगडा, तारली वरच्या पातळ थरात, किनाऱ्याजवळ दाटीने गोळा होतात. कालवं शिंपला मिटून प्राणवायूशिवाय काही काळ तग धरतात. निवटीच्या काही जाती तर तोंडाने हवा नेऊन बिळात साठवतात. पण तळाला चिकटवलेली माकुलाची अंडी कुठे जाणार? ती तिथेच राहतात.

म्हणून पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर जाळ्यात जो घबाड मासा येतो, तो सगळाच सुगीचा नसतो. त्यातला काही गुदमरून वर आलेला असतो. हे मी तेव्हा लिहून दिलं. दैनिकाने छापलं नाही. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज त्याच कांदोळीच्या वाळूत रुतलं होतं आणि रकाने त्याच्यासाठी राखीव झाले. त्या गंजत्या जहाजावर पुढे दहा वर्षं लिहिलं गेलं. एका सरकारी कार्यालयात विचारलं, तर उत्तर मिळालं: उतरलेल्या मासळीचा आकडा वाढलाय, मग तक्रार कसली? पळून एका जागी जमलेला मासा मोजून त्याला वाढ म्हणणं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

तळाच्या या गुदमरण्यात खतांचा आणि सांडपाण्याचा वाटा किती, यावर वाद आहे. दरवर्षी सारखं घडतही नाही. हिंदी महासागराच्या पश्चिमेकडचं पाणी पूर्वेपेक्षा तापतं त्या वर्षी, जसं १९९७ मध्ये, तळ पूर्ण गुदमरत नाही, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं. पण म्हणूनच दरवर्षीचं मोजमाप मच्छीमारापर्यंत यायला हवं. पूर्वी वरच्या पातळ थरात दाटलेल्या माशावर किनाऱ्यावरून ओढायची रापण पडे. आज पर्ससीन जाळी आहेत, आणि केंद्राने २०१७ मध्ये बंदी घालूनही एलईडी दिव्यांच्या बोटी आहेत.

हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राकडून येणारा मासळीचा अंदाज उपग्रहाला दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या तापमानावर आणि रंगावर बेतलेला असतो. मासा कुठे आहे, हे तो बंदरावरच्या फलकावर मराठीत सांगतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत त्याच फलकावर तळाच्या प्राणवायूचा आकडाही लागला पाहिजे. तो मोजायची रीत कांदोळीला बसवून झाली आहे. मालवण, रत्नागिरी, हर्णैसमोर तेच करायला नवं काही शोधावं लागणार नाही.