अंगणाचा कोबा आणि तो करणारा माणूस

साताऱ्याजवळच्या आमच्या घरासमोर अंगण करायचं ठरलं तेव्हा तीन ठेकेदार बघून गेले. पहिल्या दोघांनी टेप टाकली, गुणाकार केला आणि चौरस फुटाचा दर सांगितला. तिसरा मिस्त्री मोटारसायकलवरून आला. त्याच्या खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं होतं. त्याने नळीत पाणी भरलं, एक टोक उंबऱ्याशी धरायला लावलं, दुसरं फाटकापाशी नेलं आणि पाण्याची पातळी पाहून भिंतीवर खडूची खूण केली. मग विचारलं, "ताई, पावसाचं पाणी आत्ता कुठनं जातं? गाडी कुठली येणार? आणि खाली माती काळी आहे का मुरमाड?"

त्याचा दर तिघांत जास्त होता. आम्ही सर्वांत कमी दराचा ठेकेदार निवडला. एका दिवसात अंगण गुळगुळीत झालं, शेजाऱ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या पावसाळ्यात फाटकापासून पायरीपर्यंत भेग गेली, मधला भाग खचला आणि पाणी उंबऱ्याकडे वळलं. फोडायला घेतलं तेव्हा कडेला ४ इंच दिसणारा थर मध्यभागी जेमतेम अडीच इंच निघाला. त्याखाली काळी माती जशीच्या तशी होती. मग तो नळीवाला मिस्त्री शोधून आणला. हा लेख त्याच्याकडून आणि त्याच्यासारख्यांच्या कामावर उभं राहून शिकलेल्या गोष्टींचा आहे.

कोबा हा आपल्याकडचा जुना शब्द आहे. सिमेंट येण्याआधी चुना आणि विटांचे तुकडे यांचा थर चोपण्यांनी ठोकून ठोकून घट्ट केला जाई, तो कोबा. गच्चीवरच्या 'ब्रिकबॅट कोबा' या नावात ती परंपरा अजून टिकून आहे. कोकणात पावसाळा सरला की खळं नव्यानं करतात. माती भिजवायची, चोपायची, ढाळ राखायचा आणि शेणाने सारवायचं. इंग्लंडच्या लीड्स शहरातल्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. त्यानंतर जगभर अंगणाचं साहित्य बदलत गेलं, पण खळं करणाऱ्या बाईला ठाऊक असलेले तिन्ही नियम आजही तेच आहेत. खालची जमीन घट्ट हवी, ढाळ बरोबर हवा आणि ओल टिकायला हवी.

हे काम करणारा स्थानिक ठेकेदार म्हणजे मोठी कंपनी नसते. तयार काँक्रीटच्या प्लांटला एका अंगणाचं काम परवडत नाही, आणि त्यांची गाडी गल्लीत वळतही नाही. म्हणून हे काम गावातल्या मिस्त्रीकडेच येतं. त्याच्याकडे एक-दोन गवंडी, चार-सहा बिगारी, थापी, रंधा, गुण्या, ओळंबा, घमेली आणि फावडी असतात. मिक्सर बहुधा भाड्याचा असतो. बरेचदा तो स्वतः बिगारी म्हणून सुरुवात करून थापीपर्यंत आलेला असतो. त्याला प्रमाणपत्र कुणी दिलेलं नसतं. त्याचं प्रमाणपत्र म्हणजे आधी केलेली अंगणं. म्हणून मिस्त्रीचं काम पाहायचं असेल तर मागच्या आठवड्यात झालेलं पाहू नये. दोन पावसाळे खाल्लेलं अंगण दाखवायला सांगावं आणि तिथल्या घरमालकाशी बोलावं.

खरं काम काँक्रीट येण्यापूर्वी सुरू होतं. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात हा तिचा स्वभाव चालतो, कोब्याखाली चालत नाही. कोबा वाकत नाही, त्यामुळे खालून आधार सुटला की तो गाडीच्या वजनाने मोडतो. आमच्या मिस्त्रीने दुसऱ्या वेळी फूटभर काळी माती उपसली. त्या जागी मुरूम भरला, तोही एकदम नाही, अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी. प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस चालवला. वर दगडाचं सोलिंग बसवून फटी मुरमाने बुजवल्या. तीन दिवस फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीच झालेलं दिसत नव्हतं. अंगणाचं निम्मं आयुष्य त्या तीन दिवसांत ठरलं.

मग मालाचा हिशेब. १० फूट रुंद आणि २० फूट लांब, म्हणजे एक गाडी उभी राहील एवढी जागा घ्या. घरच्या गाडीसाठी ४ इंच जाडी धरली की सुमारे ६७ घनफूट काँक्रीट लागतं. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या प्रमाणाला एम-२० म्हणतात. या मापाने सिमेंटच्या १५ गोण्या, पाव ब्रासहून किंचित जास्त वाळू आणि अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त खडी लागते. ब्रास म्हणजे १०० घनफूट. एवढ्या जागेचं काम कुणी ९-१० गोण्यांत उरकत असेल, तर थर पातळ झालाय किंवा माल हलका झालाय, हे गोण्या मोजूनच कळतं. गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्षही वाचावं. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट घेऊ नये. नदीच्या वाळूऐवजी आता बहुतेक ठिकाणी क्रशरची वाळू येते. ती चांगली धुतलेली असेल तर काम उत्तम होतं. पण तिच्या नावाखाली खडीची नुसती भुकटी आली, तर माल पाणी जास्त मागतो आणि पुढे पृष्ठभागाची धूळ निघत राहते.

पाणी हा या धंद्यातला सर्वांत मोठा मोह आहे. एम-२० साठी भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे ५० किलोच्या एका गोणीला ३० लिटर पाणी पुरतं. म्हणजे घरातल्या साधारण दोन बादल्या, आणि वाळूतली ओलसुद्धा त्यातच धरायची. पण एवढ्या पाण्याचा माल घट्ट असतो. पसरायला हात दुखतात, पाट्याने ओढायला जोर लागतो. आणखी एक बादली ओतली की माल आपोआप पळतो आणि दुपारपर्यंत काम उरकतं. सिमेंटला नको असलेलं ते पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. तिथूनच कोबा कमजोर होतो. म्हणून चांगला मिस्त्री मिक्सरपाशी आपला भरवशाचा माणूस उभा करतो. वाळू-खडी अंदाजाने फावड्यांनी न टाकता सव्वा घनफुटाच्या फरम्याने मोजायला लावतो, कारण सिमेंटची एक गोणी साधारण तेवढीच भरते.

माल पसरला की लाइनदोरी ताणून ढाळ तपासतात. घरापासून बाहेरच्या दिशेने फुटाला पाव इंच, म्हणजे दहा फुटांना अडीच इंच उतार पुरेसा होतो. त्यानंतर थांबावं लागतं. पृष्ठभागावर आलेलं पाणी जिरेपर्यंत थापी लावायची नसते. घाईने त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटलं की अंगण आरशासारखं दिसतं. काही महिन्यांनी त्याच थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. घरातली फरशी गुळगुळीत शोभते, अंगण मात्र खरखरीत हवं. ओल्या कोब्यावर कडक झाडू एका दिशेने ओढला की पावसात म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरत नाही.

चौकटींबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. ओल्या कोब्यावर दोरी दाबून चौकोन पाडतात. ते सुंदर दिसतात, पण वरवरचे असतात. काँक्रीट घट्ट होताना आणि वाळताना आकसतं, म्हणून ते कुठे तरी तडकणारच. ते कुठे तडकावं हे मिस्त्रीने आधी ठरवायचं असतं. त्यासाठी ४ इंच जाडीला दर ८ ते १० फुटांवर किमान इंचभर खोल सांधा हवा. मग भेग त्या सांध्याच्या पोटात सरळ जाते आणि वरून दिसत नाही. घराच्या भिंतीला आणि पायरीला कोबा चिकटू न देता मध्ये थर्माकोलची पट्टी सोडावी, म्हणजे अंगण हललं तरी भिंतीला ओढ बसत नाही.

आणि शेवटी पाणी मारणं. काँक्रीट वाळल्याने कडक होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेने ते कडक होतं आणि त्या क्रियेला आठवडेच्या आठवडे ओल लागते. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रित पीपीसी सिमेंटला किंवा कडक उन्हाळ्यात किमान १० दिवस पाणी द्यावं, असं मानक सांगतं. दुकानात आज बहुतेक पीपीसीच मिळतं, म्हणून १४ दिवस धरावेत. नळीने सकाळ-संध्याकाळ शिंपडणं पुरत नाही. कडेने मातीचे छोटे बांध घालून शेतातल्या वाफ्यांसारखं पाणी साठवावं, किंवा ओली गोणपाटं अंथरून ती सतत भिजलेली ठेवावीत. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची मोजतात, म्हणून गाडी महिनाभर बाहेर उभी करावी. दिवाळीनंतरचे थंड दिवस या कामाला सर्वांत चांगले. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर पहाटे सुरू करावं.

भराव आणि पाणी मारणं, या दोन टोकांनाच अंगणं बिघडतात. दोन्ही कामं पूर्ण झाल्यावर दिसत नाहीत, आणि चौरस फुटाच्या दरात दोन्हींचे पैसे धरलेले नसतात. म्हणून दर विचारण्याआधी साध्या कागदावर लिहून घ्यावं: माती किती उपसणार, मुरूम किती इंच, कोब्याची जाडी, सिमेंट कुठलं, सांधे कुठे, पाणी कुणी मारायचं, राडारोडा कोण नेणार. नुसता मजुरीचा ठेका असेल तर माल आपण आणतो, सिमेंटची काटकसर होत नाही, पण नासाडीवर लक्ष ठेवावं लागतं. मालासकट ठेका असेल तर गोण्या मोजाव्या लागतात. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता २८ दिवसांनंतर. कागद आणि तारखेसह फोटो जपून ठेवावेत. काम फसलं आणि ठेकेदाराने हात वर केले, तर सेवेतल्या त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

करार दोन्ही बाजूंचा असतो. ओलं सिमेंट कातडी जाळतं. घमेली वाहणाऱ्या बायका कित्येकदा अनवाणी त्या मालात उभ्या असतात, आणि त्यांची हजेरी पुरुषांपेक्षा कमी लावली जाते. गमबूट आणि हातमोजे आहेत का, सावली आणि पिण्याचं पाणी आहे का, हे पाहणं घरमालकाचंही काम आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. त्यासाठी कामाचा दाखला लागतो. तो दाखला तुम्ही माणसांना देता का, हे ठेकेदाराला जरूर विचारावं. जो आपल्या माणसांचा हिशेब नीट ठेवतो, तो गोण्यांचाही ठेवतो, असा माझा अनुभव आहे.

सगळं अंगण मात्र झाकू नका. झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवा आणि ढाळाच्या शेवटी पाणी मुरायला शोषखड्डा घ्या. ज्या जमिनीवर आपण राहतो तिलाही पाऊस लागतो.

घरमालक काँक्रीट टाकायच्या दिवशी रजा काढतात, पाहुण्यांनाही बोलावतात. त्या दिवशी नसलात तरी चालेल. मुरूम धुमसायच्या दिवशी रजा काढा आणि शेवटपर्यंत तिथे उभे राहा.