दिवा पेटला म्हणून पार्ट बदलायचा नसतो

आपल्या जुन्नर-आंबेगावात ज्या घराला मालवाहू गाडी आहे, त्या घरात वर्षाचं गणित गाडीवर चालतं. कधी नारायणगावच्या बाजारातले टोमॅटोचे क्रेट, कधी ओतूरचा कांदा, कधी मंचरकडचा बटाटा. गाडी चालवतात पुरुष. पण हप्त्याची तारीख, विम्याचा कागद, पीयूसी आणि डिझेलच्या पावत्या बहुतेक घरांत बाईच्याच कपाटात असतात. म्हणून मैत्रिणींनो, आज चक्क सायलेन्सरबद्दल बोलायचंय. विषय वेगळा वाटेल, पण आहे आपलाच!

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नवी गाडी मिळते ती 'बीएस-सिक्स' नियमांची. अशा डिझेल ट्रकचा सायलेन्सर म्हणजे नुसती नळी राहिलेली नाही. धूर बाहेर पडण्याआधी त्याची दोनदा सफाई होते. एका डब्यातली जाळी काजळी अडवते आणि ती साठली की जास्त उष्णतेने जाळून टाकते. दुसऱ्या डब्याआधी गरम धुरावर एक द्रव फवारला जातो. त्याला कुणी 'डेफ' म्हणतं, कुणी 'ॲडब्लू', तर आपल्याकडे सरळ 'युरियाचं पाणी'. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. धुराच्या उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि धुरातल्या नायट्रोजन ऑक्साईड या विषारी वायूंचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत होतं. सफाई नीट होते की नाही, यावर सेन्सर लक्ष ठेवतात. बिघाड झाला की समोर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर गाडी टप्प्याटप्प्याने आपली ताकदच कमी करते.

आमच्या सहाचाकीचं गेल्या हंगामात तेच झालं. वाशीला माल उतरवून परत येताना माळशेजच्या चढावर रिकामी गाडीसुद्धा ओढेना. रात्रीची वेळ, एका बाजूला दरी, त्यात आपला हा बिबट्याचा मुलूख. आमच्या ह्यांनी कशीबशी गाडी वर आणली. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात स्कॅनर लावला. कोड आला 'पी २०ईई'. गॅरेजवाला म्हणाला, "डबाच गेला, बदलावा लागेल." सांगितलेली रक्कम आमच्या चार हप्त्यांएवढी! टोमॅटोचा हंगाम भरात, आणि टोमॅटो काही गाडीसाठी थांबत नाहीत.

मी घरी वही काढून बसले. प्रत्येक खेपेला डिझेल किती आणि युरियाचं पाणी किती, हे मी लिहून ठेवते. एरवी १०० लिटर डिझेलमागे ४ ते ५ लिटर पाणी लागायचं. मागच्या तीन खेपांत ते जेमतेम २ लिटरवर आलं होतं. भाऊजी म्हणाले, "बरंच झालं की वहिनी, खर्च वाचला." मला मात्र पटेना. रोज पोटभर जेवणारं लेकरू अर्ध्या भाकरीवर उठलं, तर भाकरी वाचली म्हणून आई खूश होत नाही. आधी त्याच्या अंगाला हात लावून बघते.

वही घेऊन आम्ही दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, हा कोड एवढंच सांगतो की धूर साफ होत नाही. का होत नाही, ते आपण शोधायचं." तापमापक ताप सांगतं, आजाराचं नाव सांगत नाही, तसंच हे. मग त्यांनी स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरुवात केली, तीही माझ्या समोर.

पहिलं, पाणी. टाकीतला एक थेंब रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या दुर्बिणीसारख्या साधनाच्या काचेवर ठेवला. आकडा ३२.५ च्या जवळ हवा, आमचा बराच खाली. म्हणजे पाण्यात पाणी! दुसरं, वायरिंग. गाडी शेडमध्ये उभी असली की उंदीर वायरी कुरतडतात, आणि एक तुटकी वायर चांगल्या सेन्सरला बदनाम करते. आमची वायरिंग ठीक निघाली. तिसरं, सायलेन्सरच्या जोडांवर काजळीचे डाग आहेत का; गळती असेल तर सेन्सर चुकीचा आकडा देतो. तेही नव्हतं. चौथं, पंपाचा फिल्टर. तो गच्च भरलेला. पाचवं, फवारणीचं नोजल. त्याच्या तोंडाशी पांढरा थर, बोअरच्या पाण्याने हिटरच्या कॉईलवर बसतो ना, अगदी तसाच. स्कॅनरवरून फवारा मारायला लावून मोजपात्रात धरला, तर निम्मासुद्धा येईना. वहीतले ते २ लिटर इथे सापडले!

टाकी रिकामी करून धुतली, नोजल साफ केलं, फिल्टर बदलला, सीलबंद नवं पाणी भरलं. मग गाडी आळेफाट्यापर्यंत चालवून चांगली गरम केली आणि डब्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सेन्सरचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. नंतरचा आकडा झपाट्याने खाली आला. डबा ठणठणीत होता! खर्च एका हप्त्याच्या आत आटोपला. भेसळीचं पाणी आलं होतं रस्त्यावरून स्वस्तात घेतलेल्या बादल्यांमधून. त्यांच्यावर ना बॅच नंबर, ना तारीख.

इथे एक गोष्ट आपल्या शेतकरी घरांसाठी. गोठ्याशेजारी युरियाची ४५ किलोची गोणी असतेच. "हाच कालवून टाकला तर?" हा विचार बऱ्याच घरांत येतो. अजिबात नको! २०१५ पासून आपल्याकडच्या शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. ते तेल आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार नोजल तुंबवतात आणि डबा कायमचा निकामी करू शकतात. शिवाय अनुदानाचं खत पिकाऐवजी दुसरीकडे वापरणं बेकायदा आहे.

दुसरा मोह याहून मोठा. "वहिनी, ही सगळी यंत्रणाच बंद करून देतो, कटकट मिटेल," असं सांगणारे वाटेवर भेटतात. एक छोटी डबी बसवायची, ती गाडीच्या कॉम्प्युटरला खोटं सांगते की सगळं ठीक आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनसारखी बलाढ्य कंपनी असल्याच लबाडीत अमेरिकेत पकडली गेली आणि तिला अब्जावधी डॉलर मोजावे लागले. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे नियम मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे. पीयूसी पास झाली म्हणजे सुटलो, असंही नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साईड त्यात मोजलेच जात नाहीत.

आणि तो वायू जातो कुठे? बाजारात गाड्या इंजिन चालू ठेवून रांगेत उभ्या असतात आणि त्यांच्याच शेजारी बसून आपल्या बाया टोमॅटो निवडत असतात. दम्याच्या माणसाला हा वायू फार त्रास देतो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलं. पैसे वाचवायला बंद केलेली यंत्रणा शेवटी कुणाच्या तरी छातीतून वसूल होते.

म्हणून वहीत दोन रकाने वाढवा: डिझेल आणि युरियाचं पाणी. प्रमाण एकदम कमी झालं तरी चौकशी करा आणि वाढलं तरी करा. दिवा लागला की कोडचा फोटो काढून ठेवा. मिस्त्रीने कोड पुसला तरी आपल्याकडे पुरावा राहतो. काजळी जाळण्याचा दिवा लागला, तर गाडी हायवेवर एका वेगात थोडा वेळ चालवायला सांगा. तेव्हा सायलेन्सर ५५०-६०० अंशांपर्यंत तापू शकतो. अशी गाडी कडब्याजवळ किंवा उसाच्या पाचटावर उभी करायची नाही, आणि मुलांना तिच्याजवळ जाऊ द्यायचं नाही.

आणि कुणी मोठा पार्ट बदलायला सांगितला, तर आधी विचारा: पाणी तपासलं का? वायर पाहिली का? फवारा मोजला का? तरीही पार्ट बदललाच, तर जुना परत मागून घ्या. हप्ता आपण भरतो, तर हे विचारायला कसला संकोच?