फोटो व्हॉट्सॲपवर फिरला की काय हरवतं? दशक्रियेच्या फ्लेक्सपासून पंचनाम्यापर्यंत मूळ फोटोच का लागतो

कामथडी (ता. भोर) : घरात कुणी गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धावपळ सुरू होते ती फोटोची. दशक्रियेचा फ्लेक्स करायचा असतो, भिंतीवर लावायला फ्रेम हवी असते आणि आजोबांचा एकट्याचा धड फोटो कुणाकडेच नसतो. मग लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापला जातो. तो फोटोही मूळ नसतो. भाच्याने पुतण्याला, पुतण्याने भावकीच्या ग्रुपवर, असा चार मोबाईल फिरून आलेला असतो. कामथडी, कापूरहोळ, नसरापूर या महामार्गाच्या पट्ट्यात फोटो आणि फ्लेक्सचं काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. ‘फोटो फाटतोय’ हे त्यांचं रोजचं वाक्य.

फाटतो म्हणजे काय, ते साधं आहे. मोबाईलचा फोटो बारीक ठिपक्यांनी बनतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, एकूण १ कोटी २० लाख. व्हॉट्सॲपवर तोच फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो साधारण १६०० बाय १२०० एवढा लहान होतो. म्हणजे १९ लाख ठिपके, मूळच्या सहाव्या हिश्शाएवढे. नेट कमी लागावं, फोटो लवकर जावा म्हणून हे केलेलं असतं आणि मोबाईलच्या पडद्यावर फरक कळतही नाही. कळतो तो छापताना. समजा, ग्रुप फोटोत आजोबांच्या चेहऱ्याच्या वाट्याला आडवे ६० ठिपके आले. फ्लेक्सवर तो चेहरा फूटभर केला, तर एकेक ठिपका अर्ध्या सेंटिमीटरचा होतो. मूळ फोटो मिळाला असता तर त्याच चेहऱ्याला १५० ठिपके मिळाले असते.

आता यावर तोडगा म्हणून एआयची ॲप आली आहेत. धूसर चेहरा टाकला की काही सेकंदांत डोळे चकाकतात, दाढीचा केस न केस दिसतो. पहिल्यांदा बघणारा खूश होतो. पण नीट पाहिलं की घरातलीच एखादी म्हातारी म्हणते, ‘हे आमचे नव्हेत.’ तिचं बरोबर असतं. फोटोत जे नाही ते ॲप कुठून आणणार? त्याने लाखो इतर चेहरे पाहून शिकलेलं असतं की डोळा साधारण असा असतो, ओठ असे असतात. रिकाम्या जागी ते अंदाजाने भर घालतं. गालावरचा व्रण पुसला जातो, किंचित तिरकं नाक सरळ होतं, सत्तरीच्या माणसाची कातडी चाळिशीची होते. म्हणजे फोटो ‘साफ’ झालेला नसतो, आजोबांच्या जागी त्यांच्यासारखा दिसणारा कुणीतरी काढलेला असतो. उजेड वाढवणं, रंग नीट करणं, मागची खुर्ची काढून टाकणं यात काही बिघडत नाही. चेहरा बदलला तर मात्र पुढच्या पिढीला तोच खरा वाटणार.

बातमीच्या फोटोंत तर खुर्ची काढणंही चालत नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जानेवारी २०१४ मध्ये नार्सिसो कॉन्ट्रेरास या छायाचित्रकाराशी संबंध तोडले. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात आलेला सहकाऱ्याचा कॅमेरा त्याने पुसला होता, एवढंच. त्याआधीच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळालेल्या चमूत तो होता, तरीही.

आपल्याकडे हा मुद्दा शेतात येतो. भात आडवं झालं, ताल फुटली, रानडुकरं शिरली की आपण पटकन फोटो काढून तलाठी, कृषी सहाय्यकांना व्हॉट्सॲप करतो. (तलाठ्यांचं पदनाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात.) फोटो काढतानाच मोबाईल त्यात तारीख, वेळ, मोबाईलचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. फोटो म्हणून व्हॉट्सॲप केला की ही माहिती पुसली जाते. समोरच्याकडे नुसतं आडवं भात पोचतं; कुठलं आणि कधीचं, ते त्यातून कळत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत फोटो शेतात उभं राहून ॲपमधूनच काढावा लागतो, त्याचं कारण हेच. फोटोबरोबर जागा नोंदली गेली पाहिजे.

बांधाच्या वादात प्रकरण कोर्टात गेलं तर आणखी अवघड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार मोबाईलमधला पुरावा द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात त्या फाईलचा हॅश, म्हणजे एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा, नोंदवावा लागतो. फाईलमध्ये जरा बदल झाला की हा ठसा बदलतो. म्हणून फोटोवर लाल बाण काढायचा, गट नंबर लिहायचा तर तो कॉपीवर. मूळ फाईल तशीच राहू द्या, आणि स्क्रीनशॉटला मूळ समजू नका.

पाठवताना करायचं एवढंच : व्हॉट्सॲपमध्ये पिनच्या खुणेवर दाबून ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि तिथून फोटो घ्या. फाईल जशीच्या तशी जाते. २०२३ मध्ये आलेल्या ‘एचडी’ पर्यायाने फोटो बरा जातो, पण मूळ जात नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की लोकेशनही जातं. घरचे, लेकराबाळांचे फोटो अनोळखी ग्रुपवर असे टाकू नका.

मोबाईल भरला म्हणून फोटो उडवण्याआधी ते पेन ड्राईव्हवर किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर काढून ठेवा. गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद आहे. आता १५ जीबी मिळते, तीही जीमेल आणि ड्राईव्ह धरून. आणि येत्या लग्नसराईत फोटोग्राफर घरी येईल तेव्हा म्हाताऱ्या माणसांना मांडवाच्या कडेला, सावलीत बसवून एकेकट्याचा फोटो काढून घ्या. त्याची मूळ फाईल पेन ड्राईव्हवर मागा.