पिझ्झ्यावरचा पालक आणि पाण्याचा हिशेब

घरी पिझ्झा करण्याचा प्रयत्न तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. आमच्याही घरी एका रविवारी तो झाला. पालकाची ताजी जुडी निवडली, धुतली, चिरली आणि चीजवर ढीगभर पसरली. बारा मिनिटांनी ओव्हनमधून ताट बाहेर काढले, तेव्हा कडा खमंग भाजल्या होत्या. मधोमध मात्र हिरवट पाण्याचे तळे साचले होते. त्याखालची पोळी पांढरी आणि चिकट होती. गंमत अशी, की ढिगाबाहेर सुटी पडलेली चार पाने करपून काळी झाली होती. एकाच ओव्हनमध्ये, एकाच वेळी, काही पाने ओलीचिंब आणि काही जळालेली! असे का व्हावे?

याचे उत्तर पाककृतीच्या पुस्तकापेक्षा तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात अधिक चांगले सापडते.

पान की पाण्याची पिशवी?

१०० ग्रॅम पालकात सुमारे ९० ग्रॅम पाणीच असते. मग ते हातात घेतल्यावर गळत का नाही? पानाच्या प्रत्येक पेशीत रिक्तिका नावाची एक पोकळी असते आणि बहुतेक पाणी तिच्यात साठवलेले असते. हे पाणी पेशीभित्तिकेवर आतून दाब देते. हवा भरलेला फुगा जसा ताठ राहतो, तसे ताजे पान या दाबामुळे ताठ राहते.

पाण्याला आत धरून ठेवण्याचे काम पेशीचे नाजूक पटल करते. पान तापून सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की हे पटल निकामी होते. पाणी बाहेर झिरपते आणि पान मलूल होऊन पडते. कढईभर चिरलेली भाजी शिजल्यावर वाटीभर होते, ती याच कारणाने.

उष्णता गेली कोठे?

आता थोडे गणित करू. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यास १ कॅलरी उष्णता लागते. म्हणजे ३० अंशांचे पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास ७० कॅलरी लागतात. पण त्याच १ ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास आणखी ५४० कॅलरी लागतात. हीच बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता. पालकातले ९० ग्रॅम पाणी संपूर्ण उडवायचे, तर ९० गुणिले ६१०, म्हणजे जवळजवळ ५५,००० कॅलरी हव्यात. एवढ्या उष्णतेत पाऊण लिटरहून अधिक पाणी उकळीला आणता येईल!

ओव्हनची उष्णता अशी पाण्यावर खर्ची पडते. शिवाय, पाणी शिल्लक असेपर्यंत त्या जागेचे तापमान १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही. पोळीला खमंग तांबूस रंग येण्याची क्रिया मात्र सुमारे १४० अंशांपुढे वेगाने घडते. म्हणून तळ्याखालची पोळी पांढरीच राहिली.

आणि करपलेली पाने? ती एकेकटी पडली होती. गरम कोरड्या हवेत त्यांचे थोडेसे पाणी झटपट उडाले. पाण्याचे संरक्षण संपताच त्यांचे तापमान भराभर चढले आणि ती जळाली. दोन्ही दोषांचे मूळ एकच: पाणी.

नेपल्सची रीत

पिझ्झाचे माहेर इटलीतील नेपल्स शहर. तेथील पिझ्झा बनवण्याच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवतेचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तेथील लाकडाच्या भट्टीचे तापमान ४०० अंशांहून अधिक असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत तयार होतो. असे असूनही तेथे 'फ्रियारिएल्ली' नावाची, मोहरीच्या कुळातील कडवट पालेभाजी पिझ्झ्यावर कच्ची घालत नाहीत. ती आधी तेल-लसणावर परतून घेतात. उलट 'रुकोला' नावाची तिखटसर पाने इटलीत पिझ्झा भाजून झाल्यावर, अगदी शेवटी, कच्चीच पसरतात. म्हणजे मार्ग दोनच: पानातले पाणी आधीच काढून टाका, किंवा पानाला भट्टीत पाठवूच नका.

हिरवा रंग का जातो?

हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. उष्णता आणि आम्ल एकत्र आले, की तो निघून जातो व त्याच्या जागी हायड्रोजन येतो. मग तजेलदार हिरव्याचा मळकट शेवाळी रंग होतो. टोमॅटो आम्लधर्मी, आणि पानांच्या पेशी फुटल्या की त्यांतूनही आम्ले बाहेर पडतात. पालेभाजी शिजताना झाकण ठेवू नये, असे आजी सांगते ना? त्यामुळे बाष्पनशील आम्ले वाफेबरोबर निघून जातात. रंग टिकावा म्हणून सोडा मात्र घालू नका. त्याने पाने लिबलिबीत होतात आणि क जीवनसत्त्वही नष्ट होते.

करून पाहा

ओव्हन आणि शेगडीपाशी घरातील मोठ्या माणसांना बरोबर घ्या.

२५० ग्रॅम मैद्यात ५ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा साखर, लहान चमचाभर कोरडे यीस्ट आणि थोडे तेल घाला. सुमारे १६० मिलिलिटर कोमट पाण्याने पीठ भिजवून दहा मिनिटे चांगले मळा. पाणी कढत नको. यीस्ट हे सजीव आहे, ते मरेल. पीठ झाकून दीड-दोन तास ठेवले, की दुप्पट फुगते. याच्या दोन पातळ पोळ्या होतात.

दरम्यान २०० ग्रॅम निवडलेला पालक धुऊन, निथळून त्याचे वजन करा. पसरट कढईत थोड्या तेलावर लसूण व चिमूटभर मीठ घालून, झाकण न ठेवता दोन मिनिटे परता. निवल्यावर मुठीत घट्ट पिळा आणि पुन्हा वजन करा. किती घट झाली, वहीत लिहा. निघालेले पाणी आमटीत घाला. क जीवनसत्त्वाचा काही भाग त्यातच उतरलेला असतो.

पोळीवर टोमॅटोचा पातळ थर, त्यावर सुटा केलेला पालक आणि वरून चीज पसरा. चीजच्या पांघरुणामुळे पाने करपत नाहीत. ओव्हन आधीच २५० अंशांपर्यंत तापवून दहा-बारा मिनिटे भाजा. ओव्हन नसेल, तर पोळीची एक बाजू तव्यावर भाजून उलटा, भाजलेल्या बाजूवर सारे पसरा आणि मंद आचेवर ठेवा. चीज वितळण्यासाठी झाकण लागेल. ते किंचित उघडे ठेवा व मधूनमधून पुसा, नाहीतर वाफेचे थेंब पुन्हा पिझ्झ्यावरच पडतील.

शेवटी कच्ची पाने घालायची असतील, तर ती वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन पूर्ण कोरडी करा. त्यांना उष्णता मिळणार नाही, म्हणून ही काळजी अधिक.

आता एक काम तुमच्यासाठी. दुसऱ्या पिझ्झ्यावर पालकाऐवजी लाल माठ वापरा. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. माठाचा तांबडा रंग मात्र पेशीतील पाण्यात विरघळलेला असतो. मग पिळून निघालेले पाणी कसे दिसेल? आणि न पिळता घातलेल्या माठाने चीजचा रंग कोणता होईल? आधी अंदाज वहीत लिहा, मग पिझ्झा करा. उत्तर तुमच्या ताटातच असेल.