विश्लेषण : गेममधली शापित रिग आणि ‘मुंबई हाय’चा धडा… समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरून सुटका एवढी अवघड का?

तेलासाठी समुद्रतळ खोदणारी रिग, खालून वर आलेले काहीतरी अज्ञात, त्याने ताबा घेतलेले आणि विद्रूप झालेले सहकारी, आणि एकेक भाग कोसळत असताना बाहेर पडण्याची धडपड. ‘स्टिल वेक्स द डीप’ या व्हिडीओ गेमची ही कथा आहे. यातले राक्षस काल्पनिक आहेत, पण कोसळणारी रिग काल्पनिक नाही. उत्तर समुद्रात आणि आपल्या ‘मुंबई हाय’मध्येही असे प्रसंग घडले आहेत. खऱ्या दुर्घटनांमध्ये माणसे नेमकी कशामुळे अडकतात, कोण वाचते आणि का, याविषयी…

गेममध्ये काय घडते?

‘द चायनीज रूम’ या ब्रिटिश स्टुडिओने तयार केलेला हा गेम जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ आहे डिसेंबर १९७५चा, स्थळ स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर असलेली ‘बेइरा डी’ ही रिग. नायक कॅझ मॅकलेअरी हा ग्लासगोचा इलेक्ट्रिशियन. मारामारीच्या प्रकरणानंतर पोलिसांना चुकवण्यासाठी तो रिगवर कामाला आलेला असतो. व्यवस्थापक त्याला कामावरून काढतो आणि तो हेलिकॉप्टरकडे निघतो, तेवढ्यात ड्रिलला समुद्राखाली काहीतरी अडते. त्यानंतर रिग हादरते, वीज जाते आणि कालपर्यंत एकत्र जेवणारे सहकारी ओळखू येणार नाहीत असे बदलू लागतात.

नायकाच्या हाती बंदूक नाही. लपणे, चढणे, पोहणे आणि बंद पडलेली यंत्रणा पुन्हा सुरू करणे एवढेच त्याला करता येते. म्हणूनच हा गेम इतर भयपटछाप गेमपेक्षा वेगळा ठरतो. त्यात राक्षसाइतकीच भीती पाणी भरलेल्या मार्गिकांची, तुटलेल्या जिन्यांची आणि उघडत नसलेल्या दारांची आहे.

खऱ्या ड्रिलिंगमध्ये खालून काय वर येते?

खडकात हजारो मीटर खोलवर तेल आणि वायू प्रचंड दाबाखाली असतात. विहीर खोदताना हा दाब रोखण्यासाठी पाइपमधून जड, घट्ट द्रव सतत खाली सोडला जातो. रिगवर त्याला ‘मड’ म्हणतात. या द्रवाचे वजन खालच्या दाबापेक्षा कमी पडले, की वायू विहिरीत शिरतो. या घटनेला ‘किक’ म्हणतात. किक वेळीच ओळखली तर ती आटोक्यात आणता येते. ओळखली नाही, तर वायू आणि तेल अनियंत्रितपणे वर उसळते. हा ‘ब्लोआउट’. तो रोखण्याचा शेवटचा उपाय म्हणजे विहिरीच्या तोंडावर बसवलेला ‘ब्लोआउट प्रिव्हेंटर’. हा अवाढव्य झडपांचा संच गरज पडल्यास पाइप कापून विहीर बंद करतो.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातील ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर ही साखळी तुटली. विहिरीच्या दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला, वायू वर आला, स्फोट झाला आणि प्रिव्हेंटरलाही विहीर बंद करता आली नाही. रिगवर १२६ जण होते, त्यातील ११ जणांचा मृत्यू झाला.

‘पायपर अल्फा’वर काय घडले?

समुद्रातील तेल उद्योगातील सर्वाधिक जीवघेणी दुर्घटना मात्र ड्रिलिंगमुळे झाली नाही. ती झाली कागदाच्या गोंधळातून. उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाची सुरक्षा झडप देखभालीसाठी काढण्यात आली होती. तिच्या जागी तात्पुरते झाकण बसवलेले होते. काम त्या दिवशी पूर्ण झाले नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा पाळीवर असलेल्या कर्मचाऱ्यांना झडप काढल्याची माहिती नव्हती. त्यांनी पहिला पंप सुरू केला. झाकणातून वायू गळला आणि रात्री दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला.

पुढचे सगळे एकामागोमाग एक घडत गेले. पाणबुडे पाण्यात काम करत असताना पंपाकडे ओढले जाऊ नयेत, म्हणून अग्निशमन पंप स्वयंचलित ठेवलेले नव्हते. ते हाताने सुरू करावे लागणार होते आणि तिथपर्यंत कोणी पोहोचू शकले नाही. नियंत्रण कक्ष पहिल्याच स्फोटात निकामी झाला. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून तेल आणि वायूचा प्रवाह लगेच थांबवला गेला नाही. त्यामुळे आगीला इंधन मिळत राहिले आणि पुढे मोठ्या वायुवाहिन्या फुटल्या. प्लॅटफॉर्मवर २२६ जण होते. त्यातील १६५ आणि बचाव बोटीवरील दोघे, अशा १६७ जणांचा बळी गेला. वाचले अवघे ६१.

वाचले ते कसे वाचले?

आणीबाणीत सर्वांनी निवासी भागात जमायचे, तिथून हेलिकॉप्टर नेईल, असा ‘पायपर अल्फा’वरील शिरस्ता होता. त्याप्रमाणे अनेक जण तिथे जमले. पण धुरामुळे हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हते आणि लाइफबोटींपर्यंत जाण्याची वाट आगीने अडवली होती. प्लॅटफॉर्म सोडण्याचा स्पष्ट आदेश आलाच नाही. थांबलेल्यांपैकी बहुतेकांचा धुराने गुदमरून मृत्यू झाला. ज्यांनी शिरस्ता मोडून खाली जाण्याची वाट शोधली, दोरांवरून उतरले किंवा थेट समुद्रात उड्या मारल्या, त्यांच्यातील अनेक जण वाचले.

याचा अर्थ आणीबाणीत नियम मोडावेत असा नाही. मुद्दा असा, की सुटकेची योजना एकाच मार्गावर आणि एकाच आदेशावर उभी असेल, तर तो मार्ग किंवा तो आदेश देणारा नाहीसा झाल्यावर योजनाही नाहीशी होते. लॉर्ड कलन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल १९९० मध्ये आला. त्यात १०६ शिफारशी होत्या. त्यातून ब्रिटनमध्ये ‘सेफ्टी केस’ची पद्धत आली. प्लॅटफॉर्म चालवणाऱ्या कंपनीने कोणते धोके आहेत, ते कसे रोखणार आणि माणसे कशी बाहेर काढणार, हे आधी पटवून द्यायचे, मगच काम करायचे. नियमांच्या यादीपुढे खुणा करून भागणार नाही, हा या पद्धतीचा गाभा.

‘मुंबई हाय’मध्ये काय झाले होते?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला ‘मुंबई हाय’ हे ओएनजीसीचे तेलक्षेत्र आहे. २६ जुलै २००५ चा मुंबईतील महापूर सर्वांच्या लक्षात आहे. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, समुद्रात ‘बॉम्बे हाय नॉर्थ’ प्लॅटफॉर्म जळून कोसळला, ही आठवण मात्र पुराच्या बातम्यांखाली दबून गेली.

सुरुवात अगदी साध्या अपघाताने झाली. ‘समुद्र सुरक्षा’ या सहायक जहाजावरील स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली. पावसाळी हवामानामुळे हेलिकॉप्टर उपलब्ध नव्हते. त्यामुळे जखमीला क्रेनच्या पाळण्यातून प्लॅटफॉर्मवर नेण्याचे ठरले. जहाजाच्या एका थ्रस्टरमध्ये अडचण होती आणि समुद्र खवळलेला होता. जखमीला वर घेतले गेले, पण त्यानंतर लाटेने जहाज प्लॅटफॉर्मवर ढकलले. जहाजाचे हेलिपॅड वायूच्या उभ्या वाहिनीवर, म्हणजे ‘रायझर’वर आदळले. वायू गळला, पेटला आणि आग शेजारच्या रायझरपर्यंत पोहोचली. सुमारे दोन तासांत मुख्य प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. २२ जणांचा मृत्यू झाला, ३६२ जणांना वाचवण्यात यश आले.

याच जहाजावरील दाबकक्षात सहा पाणबुडे होते. खोल पाण्यातील दाबाला सरावलेल्या पाणबुड्याला एकाएकी बाहेर काढता येत नाही. दाब हळूहळू, काही दिवसांत कमी करावा लागतो, नाहीतर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन जीव जातो. जहाज सोडले गेले तेव्हा ते सहाही जण कक्षातच राहिले. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. ‘समुद्र सुरक्षा’ पुढे बुडाले.

धडा कोणता?

इथे कोणताही एक मोठा बिघाड नव्हता. जखमी माणसाला उपचार मिळावेत हा निर्णय स्वाभाविकच होता. पण वायूने भरलेल्या वाहिन्या जहाजे ये-जा करतात त्या बाजूला, पुरेशा संरक्षणाविना असणे, अडचण असलेले जहाज खवळलेल्या समुद्रात जवळ आणणे आणि हवामानामुळे दुसरा पर्याय नसणे, हे सगळे एकत्र आले. अभियांत्रिकीत सुरक्षेचे तीन थर मानले जातात : धोका घडू न देणे, घडला तर पसरू न देणे आणि पसरला तर माणसांना बाहेर काढणे. मोठी दुर्घटना तेव्हाच होते, जेव्हा तिन्ही थरांतील भोके एका रेषेत येतात.

भारतात समुद्रातील तेल-वायू कामांच्या सुरक्षेसाठी २००८ मध्ये स्वतंत्र नियम आले. त्यांच्या अंमलबजावणीचे काम तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आहे. तरीही मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा बार्ज याच क्षेत्रात बुडाला. त्यावर २६१ जण होते आणि ७० पेक्षा अधिक जणांचा जीव गेला. वादळाचे इशारे आधीपासून मिळत होते. म्हणजे या वेळी धोका ना खडकातून आला होता, ना अचानक.

गेममधून हे कळते का?

बऱ्याच अंशी. रिगवर काम करणाऱ्याला हेलिकॉप्टर पाण्यात उलटल्यास बाहेर कसे पडायचे, बंदिस्त लाइफबोटीत कसे बसायचे, धुरात कसे सरकायचे याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. पण प्रशिक्षण हा शेवटचा थर आहे. ‘बेइरा डी’वरील कॅझही रिगवर काम करणारा इलेक्ट्रिशियन असतो. तरी प्रत्येक ठिकाणी त्याची वाट अडते ती आधीच मोडकळीस आलेल्या यंत्रणेमुळे.

गेमचा ‘सायरन्स रेस्ट’ हा पुढचा भाग २०२५ मध्ये आला. त्यात दहा-अकरा वर्षांनंतर, १९८६ मध्ये, एक पाणबुडी महिला बुडालेल्या रिगच्या अवशेषांमध्ये उतरते. तिथे नेमके काय घडले आणि ती माणसे कोण होती, हे तिला जाणून घ्यायचे असते. खऱ्या दुर्घटनेनंतरही नातेवाइकांचे पहिले प्रश्न हेच असतात. ‘पायपर अल्फा’नंतर त्यांची उत्तरे जाहीर चौकशीतून मिळाली आणि त्यावरून नियम बदलले. ‘मुंबई हाय’मधील प्लॅटफॉर्मवर आजही हजारो कामगार, त्यातही मोठ्या संख्येने कंत्राटी, पाळ्यांवर जात असतात. पुढच्या वादळाआधी त्यांना किनाऱ्यावर आणायचे की नाही, हा निर्णय कोण घेणार आणि किती तास आधी, याचे स्पष्ट उत्तर हाच त्यांच्या सुटकेचा पहिला मार्ग आहे.