कोंड्यांतलें सत्त्व

तांदूळ जितका पांढराशुभ्र तितका तो उंची, ही समजूत जुनी आहे. डच अंमलाखालील जावा बेटाला तिची किंमत मोजावी लागली. गिरणींत सडलेल्या तांदुळावर पोसले जाणारे तेथील शिपाई व कैदी बेरीबेरीनें पंगु होत. पाय लुळे पडत आणि शेवटीं हृदय थांबे. डॉ. आइकमन हे १८९० च्या सुमारास बटाव्हियांत या रोगाचे जंतु शोधीत असतां प्रयोगशाळेंतील कोंबड्यांनाच तसा लुळेपणा आला. त्या रुग्णालयांतला उरलेला पांढरा भात खात होत्या; कोंड्यासकट तांदूळ मिळतांच त्या बऱ्या झाल्या. रोग जंतूंमुळें नव्हे, आहारांतील एका सत्त्वाच्या उणिवेनें होतो, हें त्यांचे सहकारी ग्राइन्स यांनीं १९०१ मध्यें सांगितलें. कोंड्यांतील तें सत्त्व म्हणजेच ब-१ जीवनसत्त्व.

साळ भरडण्यापूर्वीं उकडली कीं हें सत्त्व दाण्यांत मुरतें. म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभीं मलायांत उकडा तांदूळ खाणारे तामीळ मजूर या रोगापासून बचावले. कोंकणांतील उकड्या तांदुळाच्या पेजेचा गुणही हाच. हें सत्त्व पाण्यांत विरघळतें. यास्तव तांदूळ फार चोळून धुऊं नये व भाताचें पाणी ओतून देऊं नये. पानांतील शुभ्रतेपेक्षां घरांतल्या माणसांचें बळ अधिक मोलाचें.