गीझर मिरजेत, बटण दोह्यात

जानेवारीतली पहाट होती. दादी नेहमीप्रमाणे साडेपाचला उठल्या, गीझरचे भिंतीवरचे बटण दाबले आणि वुजूसाठी पाणी तापण्याची वाट पाहत बसल्या. पंधरा मिनिटांनी नळ सोडला, तर पाणी थंडगार. त्यांच्या हाकेने आम्ही उठलो. बटण चालू, दिवाही लागलेला, पण पाणी काही तापत नव्हते.

हा गीझर आमच्या थोरल्याने कतारला नोकरीसाठी जाण्याआधी हौसेने बसवून दिलेला. मोबाइलवर चालणारा. दादींच्या वेळेला पाणी तयार असावे म्हणून त्याने ॲपमध्ये वेळही लावून ठेवली होती. आदल्या दिवशी ॲपची नवी आवृत्ती आली आणि लावलेली वेळ पुसली गेली. भिंतीवरच्या बटणाने या गीझरला नुसती वीज मिळते. पाणी तापवायचे की नाही, हा हुकूम त्याला मोबाइलवरूनच यावा लागतो. गीझरच्या अंगावरही एक छोटे बटण आहे, पण ते छताजवळ. ते कशासाठी आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

शेवटी थोरल्याला फोन लावला. दोह्यात तेव्हा पहाटेचे सव्वातीन वाजले होते. झोपेतच त्याने मोबाइल चाचपला आणि म्हणाला, "अम्मी, झालं, आता तापेल." खरेच तापले. दादी एवढेच म्हणाल्या, "पाण्यालाही आता कतारचा व्हिसा लागतो का?"

हसू आले खरे, पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घर करून राहिली. पैसे आम्ही दिले, वीजबिल आम्ही भरतो, वापरणाऱ्या दादी. पण गीझर ओळखतो तो फक्त थोरल्याच्या खात्याला.

ते खाते आमच्या मोबाइलवर आणायचे ठरवले, तर पडताळणीचा आकडा त्याच्या इथल्या नंबरवर येणार. ते सिमकार्ड रिचार्जविना कपाटात पडलेले. रिचार्ज केले, आकडा आला, तर गीझर वाय-फायला जोडला जाईना. दोन संध्याकाळी गेल्यावर कारण समजले. अशी बहुतेक उपकरणे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरच चालतात. त्या भिंतींतून अधिक चांगल्या जातात. नवे राउटर मात्र २.४ आणि ५ अशा दोन्ही लहरी एकाच नावाने देतात आणि जोडणी अडते. राउटरमध्ये दोघांना वेगळी नावे दिली तेव्हा कुठे काम झाले. साध्या गीझरात हा प्रश्नच नसतो. पाणी ठरावीक तापले की त्यातला थर्मोस्टॅट वीज तोडतो, निवले की जोडतो. त्याला ना पासवर्ड लागतो, ना इंटरनेट.

परदेशातल्या लोकांनी हे आपल्या आधी भोगले आहे. अमेरिकेत घरातले दिवे वगैरे मोबाइलवरून चालवणारा 'रिव्हॉल्व्ह' नावाचा ३०० डॉलरचा डबा मिळत असे. नेस्ट कंपनीने तो उद्योग विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवाच बंद केली. लोकांच्या घरातला डबा धडधाकट होता, तरी निरुपयोगी झाला. नेस्टच्याच पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटना ऑक्टोबर २०२५ पासून ॲपची साथ मिळत नाही. पण भिंतीवरची चकती हाताने फिरवली की ते अजूनही काम करतात. आमच्या मते सगळा फरक या चकतीत आहे.

कॅमेऱ्याची गोष्ट आणखी नाजूक. घरात बायका-मुली मोकळेपणाने वावरतात. जमीन झाडणाऱ्या 'रूम्बा' यंत्राच्या चाचणीतल्या नमुन्यांनी टिपलेली घरांतली छायाचित्रे, त्यात न्हाणीघरातली एक स्त्रीसुद्धा, समाजमाध्यमांवरच्या गटांत पोहोचल्याचे 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने डिसेंबर २०२२ मध्ये उघड केले. ती घरे चाचणीला राजी झालेल्यांची होती, हे खरे. तरी दाराबाहेरचा कॅमेरा ठीक. आत कॅमेरा असलेले काहीही आम्ही आणणार नाही.

सगळेच वाईट आहे असेही नाही. आमच्या शेजारच्या चाचा अंथरुणाला खिळून आहेत. पंखा कमी-जास्त करायला त्यांना आता कुणाला हाक मारावी लागत नाही, बोलले की होते. त्यांच्यासाठी ही चैन नाही.

परवा धुलाईयंत्र घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराला आधी हेच विचारले: इंटरनेट नसताना यातले काय काय चालेल? त्याने वरिष्ठांना विचारून सांगितले की दोन-तीन धुण्याचे प्रकार फक्त ॲपमधूनच मिळतात. मग आम्ही त्याच कंपनीचे, पण गोल खटक्याचे यंत्र घेतले. स्वस्तही पडले. घरी कुणी जुने स्मार्ट उपकरण नातेवाइकांना देणार असेल, तर आधी आपल्या खात्यातून ते काढून टाका. नाहीतर त्यांच्या घरचा एसी तुमच्या मोबाइलवर दिसत राहील.

गीझर आता आमच्या मोबाइलवर आहे आणि पासवर्ड स्वयंपाकघरातल्या हिशेबाच्या वहीत लिहिला आहे. दादींना मात्र त्याची गरज उरलेली नाही. छताजवळच्या त्या बटणावर धाकटीने लाल टिकली चिकटवून दिली आहे. पहाटे साडेपाचला दादी आपल्या काठीचे रबरी टोक वर नेऊन ते दाबतात.